जुने अमेरिकी चांदीचे डॉलर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वाचकांच्या पत्रांत एकच गैरसमज पुन्हा पुन्हा आढळतो, तो म्हणजे जुने नाणे मौल्यवान असलेच पाहिजे. नाण्यावरील साल हा किमतीचा केवळ एक भाग असून टांकसाळ, नाण्याची स्थिती आणि अस्सलपणा यांवाचून त्याला फारसा अर्थ नाही.

प्रश्न : १९६७ सालचा केनेडी अर्धा डॉलर चांदीचा असतो का?

अंशतः. १९६४ च्या अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी आहे, १९६५ ते १९७० च्या नाण्यांत ४० टक्के.

प्रश्न : माझ्याकडे १९२१ चा मॉर्गन डॉलर आहे. त्याला लाखो रुपये मिळतात असे एका व्हिडिओत पाहिले. हे खरे आहे का?

नाही. मॉर्गन डॉलर म्हणजे जॉर्ज मॉर्गन या कोरीवकाराने रचना केलेला चांदीचा डॉलर. त्या एका वर्षात तीन टांकसाळींनी मिळून ८ कोटी ६० लाखांहून अधिक मॉर्गन डॉलर पाडले, त्यामुळे वापरलेल्या सामान्य नाण्याची किंमत त्यातील सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदीच्या आसपासच राहते. याउलट १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत केवळ १ लाख डॉलर पाडले गेले आणि ते खरोखर दुर्मीळ आहेत. मागच्या बाजूस पानांच्या चक्राखाली, ‘डॉलर’ शब्दातील डी आणि ओ यांच्या वर टांकसाळीचे अक्षर भिंगातून पाहावे. तेथे काहीच नसेल तर नाणे फिलाडेल्फियाचे समजावे. मात्र किती नाणी पाडली यावरून किती उरली हे ठरत नाही. अमेरिकेच्या १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले आणि त्यातील बहुतेक चांदी रुपये पाडण्यासाठी भारतात आली.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहातील १८८० चे डॉलर काळे पडले आहेत. सराफ उजळून देतो म्हणतात. देऊ का?

कृपया देऊ नका, आणि घरीही चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्ट लावू नका. ठशाच्या प्रचंड दाबाखाली धातू कडेकडे सरकतो, तेव्हा नाण्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेला डॉलर दिव्याखाली तिरपा धरून सावकाश फिरवला, तर याच रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. घासले की या रेषा जातात आणि आम्लात बुडवले की झिजतात. त्यानंतर उरतो तो भांड्यासारखा सपाट पांढरेपणा, जो जाणकाराला लगेच ओळखू येतो. काळेपणा हा हवेतील गंधकाने चांदीवर धरलेला थर आहे, घाण नव्हे, आणि निळसर-सोनेरी छटांचा नैसर्गिक थर असलेल्या नाण्याला संग्राहक कधी कधी जास्तच पैसे मोजतात. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या परीक्षण संस्था घासलेल्या नाण्याला १ ते ७० या मापावरील गुणांक नाकारून केवळ ‘डिटेल्स’ असा शेरा देतात. एकदा गेलेला मूळ पृष्ठभाग कोणीही परत आणू शकत नाही. नाणी कडेला धरून, न पुसता, नाणेतज्ज्ञाकडे न्यावीत.

प्रश्न : जुन्या बाजारात १८७३ चा ‘ट्रेड डॉलर’ स्वस्तात मिळाला. चुंबक चिकटत नाही, म्हणजे तो खरा ना?

चुंबकाने फक्त लोखंड नाही एवढेच कळते. तांबे, पितळ किंवा शिसे यांनाही चुंबक चिकटत नाही. चीनशी व्यापारासाठी पाडलेल्या या नाण्याचे वजन २७.२२ ग्रॅम असावे आणि मागे ४२० ग्रेन, ९०० शुद्धता अशी नोंद इंग्रजीत असावी. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर फार फरक आला, तर शंका घ्यावी. वजन जुळले तरी खात्री होत नाही, कारण चांदीतही नकला केल्या जातात आणि ‘वारशातले नाणे’ ही विक्रेत्यांची ठरलेली कथा आहे. या नाण्याच्या नकला इतक्या आहेत की स्वतंत्र परीक्षणाशिवाय विकत घेऊ नये, विकूही नये.

प्रश्न : १८८४ चा डॉलर मुलाला अमेरिकेत भेट म्हणून नेता येईल का?

परस्पर नेऊ नका. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि परवानगीवाचून अशी वस्तू देशाबाहेर नेणे गुन्हा आहे, त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी, आणि तीही प्रवासाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर बरीच आधी.