हाँगकाँगमधले सहा तास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तुमचे जहाज हाँगकाँगला लागणार असून तुला सहा तासांची शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुटी, मिळणार आहे, हे वाचून आनंद झाला. कॅडेट असताना मी याच बंदरात सगळा वेळ कॅमेऱ्यांच्या दुकानांत घासाघीस करण्यात घालवला, कॅमेरा घेतलाच नाही, आणि शहर पाहिले ते परतीच्या टॅक्सीच्या काचेतून. म्हणून सांगतो, दुकाने सोड आणि हे शहर पाण्याच्या बाजूने पाहा.

निघण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ स्थानिक वेळेला लावले आहे ना, याची खात्री कर. शोअर पास, म्हणजे किनाऱ्यावर उतरण्याचा परवाना, जवळ ठेव आणि बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा क्रमांक कागदावरही लिहून घे, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी दगा देते. गँगवेवरच्या, म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याच्या जिन्यावरच्या, फळ्यावर लिहिलेली वेळ जहाजावर पोहोचण्याची असते, टर्मिनलच्या फाटकाची नव्हे.

क्वाई चुंगच्या टर्मिनलहून क्वाई फाँग स्टेशन गाठलेस की मेट्रो थेट चिम शा चुईला नेते. मात्र वाटेत याउ मा तेईला उतर. तेथे दर्यावर्दींची देवी तिन हाउ हिचे मंदिर आहे. डासांच्या कॉइलसारख्या वेटोळ्यांच्या, पण टोपलीएवढ्या उदबत्त्या छताला टांगलेल्या असतात आणि त्यांची राख अलगद खांद्यावर पडते. हे मंदिर एके काळी समुद्राकडे तोंड करून होते. भराव टाकत टाकत समुद्रच दूर सारला गेला आणि आता देवीपुढे उरला आहे तो वडाच्या झाडांचा चौक. मुंबईच्या कोळीवाड्यात वाढलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

चिम शा चुईचा १९१५ सालचा, ४४ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा जुन्या रेल्वे स्थानकाची खूण म्हणून उरला आहे. त्याला दोन मिनिटे पुरेत. खरा वेळ बंदराच्या पलीकडे नेणाऱ्या शेजारच्या स्टार फेरी या बोटीला दे. या फेरीचा धंदा उभा केला तो मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. त्यांची कंपनी १८८८ची, आणि ‘स्टार’ हे नाव तिला १८९८ साली मिळाले. ते जहाजात लपून तेथे पोहोचले, असे सांगतात. होडी दोन्ही टोकांनी सारखीच असल्यामुळे ती वळत नाही. प्रवासीच बाकाची पाठ पलीकडे ढकलून तोंड फिरवून बसतात.

पलीकडे सेंट्रलला उतरल्यावर वेळ उरला, तर १९०४पासून धावणाऱ्या आणि आता दुमजली असलेल्या ट्रामच्या वरच्या मजल्यावर बस. चढायचे मागून आणि पैसे द्यायचे पुढून उतरताना. परतीची मेट्रो सेंट्रलहूनच मिळेल.

फेरीत मात्र खालच्या मजल्याचे तिकीट काढ. धक्का जवळ आला की निळ्या पोशाखातला खलाशी लांब दांड्याच्या आकड्याने दोर कसा ओढून घेतो, ते तेथून नीट दिसते. जहाजावर परतल्यावर त्याबद्दल तुमच्या बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, विचार, आणि तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका