बंधपत्रावर सुटल्यावर शेतीची बंदूक परत मिळते का? – माझा अनुभव

तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय: बांधावरची मारामारी, जुन्या दंड संहितेचं कलम ३२४ (धोकादायक हत्यारानं दुखापत), कोर्टानं तुरुंगात न पाठवता बंधपत्रावर सोडलं आणि आता शेती संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण ‘शिक्षा झालेली आहे’ म्हणून अडलंय, तर काय करायचं? तुमची पोस्ट म्हणजे माझीच फाइल. भाताचं रानडुकरांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

मी वकील नाही. फाइलमागे फिरून जे कळलं तेवढंच लिहितोय. निकालपत्र जाणत्या वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

अर्ज, फोटो, चलन तुम्हाला माहीतच आहे. मेख असते ती पोलीस ठाण्याच्या अहवालात. माझ्या अहवालात लिहिलं होतं, ‘दोषी ठरवून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले’. परवान्याच्या टेबलावर ‘बंधपत्र’ शब्द दिसला की लगेच शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ वर बोट. त्या कलमात बंधपत्र आहे, नाही असं नाही. पण ते चॅप्टर केसचं, शांतता राखण्यासाठी घेतात ते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६). आपलं बंधपत्र परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ च्या कलम ४ चं. त्याच अधिनियमाचं कलम १२ म्हणतं की असं सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. बंधपत्र मोडलं आणि मूळ गुन्ह्यात शिक्षा सुनावली गेली, तर गोष्ट वेगळी. कलम ९ मधली ५ वर्षांची बंदी आहे ती हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झालेल्यांना, शिक्षा संपल्यापासून पुढे. तुम्हाला तुरुंगवास सुनावलेलाच नाही.

हे सगळं मी त्या कार्यालयात तोंडी सांगत बसलो. ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि लेखी नकार काही द्यायचे नाहीत. कधी ‘फाइल साहेबांकडे’, कधी ‘अभिप्राय मागवलाय’, नाहीतर ‘आचारसंहिता संपू द्या’. नकाराचा कागदच नाही तर अपील कशावर करणार? माझ्या मते ही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हतीच. परवाना नाकारला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर थोडक्यात द्यावी लागतात. सार्वजनिक हिताची सबब पुढे करून ती अडवूही शकतात, पण निदान तसं लिहावं तरी लागतं. त्यावर कलम १८ खाली अपील. तेव्हा गप्पा बंद. निकालपत्राची प्रमाणित प्रत, परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ आणि १२ चा उल्लेख असलेला एकपानी अर्ज, शेवटी ‘मंजूर वा नामंजूर, कारणांसह लेखी कळवावे’. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. कां-कूं केलीच तर स्पीड पोस्ट. माझी फाइल हलली ती या शिक्क्यानंतर.

तरी परवाना मिळेलच असं मी म्हणणार नाही. कलम १२ अपात्रता काढतं, परवाना हातात देत नाही. सार्वजनिक शांततेचं कारण दाखवून अजूनही नाकारू शकतात, आणि बांधाचा वाद धुमसत असेल तर नाकारतीलही. ‘यापूर्वी दोषी ठरला आहात का’ या रकान्यात ‘नाही’ लिहायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अपात्रता गेली तरी दोषसिद्धी पुसली जात नाही. ‘होय’ लिहा आणि निकाल जोडा.

तुमच्या भावाचं मात्र निराळं. त्याला कलम ३२६ (धोकादायक हत्यारानं गंभीर दुखापत) मध्ये २ वर्षं लागलीत आणि अपील चालू आहे म्हणता. शिक्षेला स्थगिती म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती नव्हे, ती वेगळी मागावी लागते. राहुल गांधींची शिक्षा सुरतच्या सत्र न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्येच थांबवली होती, पण खासदारकी परतली ती ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धी स्थगित केल्यावर. भावाला आखातात जायचंय, तर पासपोर्टच्या नियमातही नैतिक अधःपतनाचा गुन्हा, २ वर्षं किंवा जास्त शिक्षा आणि मागची ५ वर्षं हेच पाहतात. मतदान गेलं म्हणून गावात कोणी घाबरवत असेल तर ते खोटं. बंदी आहे ती तुरुंगात असेपर्यंत.

आणि बंदूक ठाण्यात जमा असेल तर एकदा बघून या. मुद्देमालाच्या खोलीत एका पावसाळ्यात नळी आतून लाल होते. परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येते का विचारा. भाडं पडतं, पण तो तेलाचा हात फिरवतो. पावतीवर नंबर आणि नळीची अवस्था दोन्ही लिहून घ्या.