डिमेन्शिया झालेली आई संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' म्हणत दाराशी जाते, चिडते, रडते. काय करावं?

'अगं, हेच तुझं घर' म्हणणं आजपासून बंद करा. यावरून माझं आणि थोरल्या भावाचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

आमचे अण्णा लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. शेवटची चार वर्षं डोंबिवलीला माझ्याकडे. साडेपाच वाजले की शर्टाची बटणं वरखाली लावून दाराशी उभे. "डबा भर गं, रातपाळी आहे. भोंगा होईल." दादा रविवारी यायचा आणि त्याला खरं बोलायची भारी हौस. "अण्णा, ८२च्या संपात गिरणी गेली. तिथं टॉवर झालाय." अण्णांना ही बातमी दर रविवारी नवी. एकदा कडी धरून खालीच बसले. म्हणाले, "मग आता पोरांना काय घालू?" दादा सव्वासातच्या लोकलने गेला. रात्र माझी.

दुसऱ्या दिवशी मी डबा भरला. खराच, पोळी-भाजीचा. पिशवी त्यांच्या हातात, जिना उतरून बिल्डिंगला दोन फेऱ्या. मग "जॉबरने आज सुट्टी दिलीय" म्हटलं (जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम) की मुकाट वर. तोच डबा उघडून जेवायचे. दादा याला फसवणूक म्हणतो. म्हणू दे. तुमच्या आईचं 'घर' म्हणजे बहुतेक माहेर असेल. तिथं कोण कोण आहे ते तिलाच विचारा, बोलू द्या.

बाकी, दिवेलागणीची वाट न बघता पाचलाच सगळ्या ट्यूब लावा. मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळच बिघडलेलं असतं, त्यात अंधुक उजेडात सावल्यांची माणसं होतात. आम्ही कपाटाचा आरसाही चादरीने झाकला होता. सकाळी उन्हात बसवा, दुपारी फार झोपू देऊ नका, चारनंतरचा चहा बंद.

आणि दादासारखं "एक गोळी दे, झोपतील" कुणी म्हटलं तर ऐकू नका. अशा चिडचिडीवर देतात त्या अँटीसायकॉटिक गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २००५ मध्येच दिलाय. डॉक्टरांनी विचार करून दिली तर गोष्ट वेगळी.

हो, हे सगळं रोजच्या त्रासासाठी. दोन दिवसांत एकदम बिघडलं तर आधी डॉक्टर. अण्णांना एकदा लघवीचा संसर्ग झाला होता आणि मी चार दिवस डबेच भरत बसले. तेव्हा "आत्ताच्या आत्ता दाखव" म्हणून फोनवर ओरडणारा दादाच होता.