काळपुळीची शंका आली तर आधी सुरी खाली ठेवा

एका पशुपालकाचा प्रश्न: 'आमची पाच वर्षांची गावरान गाय रात्री वैरण खाऊन बसली आणि पहाटे बांधावर मेलेली दिसली. पोट टम्म फुगलेलं, नाकातून आणि मागूनही काळसर रक्त. चार दिवसांपूर्वी शेजारच्या कळपातल्या दोन मेंढ्या अशाच गेल्या. त्यातली एक कापून चार घरांनी वाटून घेतली. कोणी म्हणतं पान लागलं, म्हणजे साप चावला, कोणी म्हणतं फऱ्या. गाईचा विमा आहे, त्यासाठी शवविच्छेदन लागेल म्हणतात. काय करावं? बाकीच्या गाईंचं दूध घ्यावं का? लस कुठली? आणि त्या जागेचं काय?'

दादा, तुम्ही लिहिलेली लक्षणं काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, दाट शंका घ्यावी अशी आहेत. काही भागांत याला फाशी म्हणतात. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी एवढं करा: गाय उघडू नका, कातडं काढू देऊ नका, ओढत नेऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, नाही जमलं तर 1962 हा टोल फ्री नंबर लावा. डॉक्टर येईपर्यंत कुत्री, कावळे, डुकरं तिथं फिरकू नयेत म्हणून माणूस बसवा. ताडपत्री टाकून कडेनं काटेरी फांद्या लावल्या तरी चालेल.

'उघडू नका' यावर मी एवढा अडून का बसतो, ते सांगतो. या रोगाचा जंतू जनावराच्या रक्तात असतो तेव्हा तसा नाजूक असतो. शव बंद राहिलं तर आत कुजण्याची क्रिया सुरू होते आणि त्यात तो काही दिवसांत मरतो. पण त्याला हवा लागली की तो स्वतःभोवती कवच करतो, त्याचा बीजाणू होतो. हा बीजाणू ऊन, पाऊस, दुष्काळ कशाला दाद देत नाही. मातीत वर्षानुवर्षं, कित्येकदा दशकं, पडून राहतो. म्हणजे सुरीचा एक काप दिला की एका गाईचा रोग शिवाराचा रोग होतो. नाकातून आलेल्या रक्तातले जंतू हवेत आलेच आहेत, पण ते काही ओंजळी. पोट फाडलं तर बादल्या.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही अशाच एका मेंढीला सुरी लावायला बसलो होतो. दवाखान्यातल्या जुन्या व्रणोपचारकांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, 'साहेब, रक्त बघा, डांबरासारखं आहे आणि गोठलेलं नाही. पाय बघा, ताठले नाहीत.' त्यांनी कानाच्या शिरेतून टोचून एक थेंब काचेवर घेतला. दवाखान्यात तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा बांबूच्या कांड्या एकापुढे एक ठेवाव्यात तशा निळ्या काड्या दिसल्या, टोकं चौकोनी, भोवती फिकट गुलाबी धुकं. ते धुकं म्हणजे जंतूचं आवरण. निदानाला शव फाडावं लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तो थेंब मात्र डॉक्टरांनीच घ्यायचा, आणि शव ताजं असतानाच. म्हणून फोन लवकर करा.

साप की फऱ्या, यावर पारावर वाद घालण्यात अर्थ नाही. फऱ्या बहुतेक सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या धष्टपुष्ट जनावराला होतो. पुठ्ठ्यावर सूज येते आणि दाबली की चरचर वाजते. जनावरांच्या घटसर्पात गळ्याखाली सूज आणि घशात घरघर. पण काळपुळीतही कधी गळा सुजतो, आणि घोणस चावली तरी रक्त गोठत नाही. नुसत्या नजरेनं मलाही खात्रीनं सांगता येणार नाही.

विम्याची काळजी रास्त आहे. गाय गेली, वर पैसेही जायचे. विमा कंपनीला आजच कळवा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचता येईल असे, आणि पूर्ण गाय दिसेल असे फोटो काढा. बिल्ला हवा म्हणून कान कापू नका. काळपुळीच्या संशयामुळे शवविच्छेदन केलं नाही, हे डॉक्टरांकडून दाखल्यावर लिहून घ्या आणि रक्ततपासणीचा अहवाल त्याला जोडा. हा रोग 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यातल्या यादीत आहे. कळवणं ही मालकाची कायद्यानं जबाबदारी आहे, त्यामुळे 'उगाच बोभाटा नको' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

आता त्या वाटून घेतलेल्या मेंढीकडे येतो, कारण मला गाईपेक्षा तिची जास्त धास्ती आहे. हातातोंडाशी आलेलं मटण टाकून देणं गरिबाला परवडत नाही, हे मला कळतं, म्हणून दोष कोणालाच देत नाही. ओडिशात कोरापुटच्या आदिवासी पट्ट्यात माणसांना हा रोग पुन्हा पुन्हा झाला, तो बहुतांशी असाच, मेलेलं जनावर कापून खाल्ल्यानं. सगळ्यात जास्त धोका ज्यानं कापलं, सोललं, धुतलं त्याला. हातावर, मनगटावर, मानेवर किंवा चेहऱ्यावर किडा चावल्यासारखी खाजरी पुळी येते, बहुधा एक ते सात दिवसांत. मग तिचा फोड होतो, फोड बसून मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते, भोवती सूज. गंमत अशी की ती दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच माणूस दवाखान्यात जात नाही. काळपुळी हे नाव तिच्यावरूनच. मराठीत काळ म्हणजे मरणही, पण वेळेवर औषध मिळालं तर या पुळीनं माणूस क्वचितच दगावतो. औषध नाहीच मिळालं तर पाचातला एक जाऊ शकतो.

त्या चारही घरांना आज निरोप द्या. उरलेलं किंवा वाळत घातलेलं मटण कुत्र्याला टाकू नका, उकिरड्यावरही नको. बाजूला झाकून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. 'आम्ही चांगलं उकळलं होतं' यावर विसंबू नका, बीजाणू साध्या उकळीला पुरून उरू शकतो. ताप, उलट्या, पोटात कळा, रक्ताचे जुलाब, घशाला सूज यातलं काही दिसलं तर थांबू नका. काही नसलं तरी ज्यांनी कापलं, खाल्लं त्या सगळ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं आणि पहिलं वाक्य हेच सांगावं: 'मेलेली मेंढी कापली होती, काळपुळीची शंका आहे.' हे सांगितलं नाही तर साधं गळू समजून मलम मिळण्याची शक्यता आहे. पुळी फोडू, दाबू, डागू नका. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा लागत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वाळीत टाकायचं कारण नाही.

दुधाचं थोडक्यात: रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक जनावराचा ताप मोजा. 104 च्या वर गेला की ते वेगळं बांधा, त्याचं दूध काढलंच तर घरात किंवा डेअरीला देऊ नका, आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. पेनिसिलिनसारखं औषध वेळेत मिळालं तर जनावर वाचतं. बाकीच्यांचं दूध डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. त्या कुरणातून सगळी हलवा आणि तीन आठवडे तरी एकही बाजारात नेऊ नका.

लस आहे आणि चांगली आहे. 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी आवरण नसलेला, म्हणजे दुबळा जंतू वेगळा काढला. आजही जगभर मुख्यतः तीच लस वापरतात. पण ती जिवंत जंतूची आहे. म्हणून ताप असलेल्या जनावराला किंवा प्रतिजैविक चालू असताना ती देत नाहीत, आणि तिचा गुण यायला दहा-पंधरा दिवस लागतात. जिथं रोग निघाला त्या भागातच, वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी ती देतात. निरोगी तालुक्यात उगाच मागू नका, तुमच्या गावात मात्र चुकवू नका, आणि दोन-चार वर्षं कोणी मेलं नाही म्हणून बंदही करू नका. रशियात यमाल भागात 1941 नंतर रोग दिसला नव्हता, म्हणून 2007 मध्ये रेनडिअरांचं लसीकरण थांबवलं. 2016 च्या उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळली आणि दोन हजारांवर रेनडिअर मेले, एक बारा वर्षांचा मुलगाही गेला.

राहिली जागा. जाळायला पुरेसं सरपण असेल तर पूर्ण राख होईपर्यंत जाळणं उत्तम. नाहीतर गाय जिथं पडली तिथंच, विहीर-ओढ्यापासून लांब, सहा फूट खोल खड्डा. नाका-तोंडात आणि मागे फॉर्मेलिन या जंतुनाशकाचे बोळे घालण्याचं, खालची रक्ताळलेली माती निर्जंतुक करण्याचं काम विभागाची माणसं करतील. तुम्ही उघड्या हातानं काही करू नका. जुन्या पत्रकांत 'वरून चुना टाका' असं असतं, पण जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची मार्गदर्शिका चुन्याला नको म्हणते, कारण कॅल्शियम बीजाणूला टिकायला मदतच करतं. चुनखडीच्या, सामू (पीएच) जास्त असलेल्या जमिनीत तो जास्त तग धरतो, त्यामागंही हेच. तुमची जमीन काळी आणि चुनखडीची असेल तर जास्तच जपा. वर दगड रचून भोवती तार घाला. ती जागा नांगरू नका, तिथलं गवत कापू नका, तिथली माती विटांना किंवा घराच्या भरावाला देऊ नका. आणि सातबाऱ्यावर नोंद होणार नाही, म्हणून खड्ड्याची जागा घरातल्या पोरांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा.