इलेक्ट्रिशियन व्हायचंय, तर कोणत्या दारात जायचं?

प्रश्न : मुलाला यंदा दहावीला ६१ टक्के मिळाले. गणित, विज्ञान पास आहे, पण अकरावी नको म्हणतो. वायरिंगच्या कामात रमतो. एक खासगी संस्था ६० हजारांत सहा महिन्यांचा ‘सरकारमान्य’ इलेक्ट्रिशियन कोर्स आणि नोकरीची हमी देते आहे. सरकारी योजना पुष्कळ आहेत म्हणतात, पण नेमकं जायचं कुठे? – एक आई

उत्तर : ताई, पैसे भरण्याआधी त्या संस्थेला विचारा, प्रमाणपत्र कोण देणार? आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झाल्यावर केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडून मिळतं, आणि इलेक्ट्रिशियन हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. सहा महिन्यांत ते कुणालाच देता येत नाही. अल्पमुदतीच्या कोर्सचं प्रमाणपत्रही खरं असू शकतं, पण भरतीच्या जाहिरातीत ‘आयटीआय उत्तीर्ण’ लिहिलेलं असेल तिथे ते उपयोगी पडत नाही. शिवाय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतलं अल्पमुदतीचं प्रशिक्षण मोफत असतं. मग त्याच तोडीच्या कोर्ससाठी ६० हजार कशाला मोजायचे?

तुमच्या मुलासाठी आयटीआय आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे कंपनीत विद्यावेतन घेत काम शिकण्याची अप्रेंटिसशिप, हाच पक्का रस्ता.

महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून, एकाच अर्जाने होतात. इथे मुलं दोन ठिकाणी हमखास फसतात. एक, अर्ज आणि शुल्क भरलं की काम झालं असं वाटतं. पण जवळच्या आयटीआयत मूळ कागदपत्रं दाखवून अर्ज निश्चित केला नाही, तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही. दोन, पसंतीक्रम घाईत भरतात. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून उमेदवार बाद होतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर तीच संस्था आणि तोच ट्रेड लिहा जिथे मुलगा नक्की जाणार आहे. इलेक्ट्रिशियननंतर वायरमन जरूर ठेवा. कामाचा बाज जवळचा आहे आणि तोही दोन वर्षांचाच. खासगी आयटीआय निवडायची वेळ आली तर संस्थेची मान्यता पाहून थांबू नका. मान्यता ट्रेडनुसार मिळते, त्यामुळे इलेक्ट्रिशियनसाठी ती आहे का हे वेगळं तपासा.

दोन वर्षांनंतरच्या शिकाऊ उमेदवारीकडे पालकांचं लक्ष नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. विद्यावेतन कंपनी देते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र त्यातला २५ टक्के, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा वाटा उचलतं. मात्र करार केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदवलेला हवा. काही कारखाने तोंडी ‘ट्रेनी’ म्हणून ठेवतात; मुलगा वर्षभर राबतो आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही, कारण कागदावर तो शिकाऊ उमेदवार नव्हताच. रुजू होताच कराराची प्रत मागा. जिल्ह्यातल्या मोठ्या शासकीय आयटीआयच्या आवारात मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असतं. कंपन्यांतल्या जागांची चौकशी आणि करारासंबंधीची तक्रार, दोन्हींसाठी तिथेच जायचं. उमेदवारी संपली की कायम नोकरी मिळतेच असं नाही, हेही त्याला आजच सांगून ठेवा.

सल्ल्यासाठी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, म्हणजे जुनं सेवायोजन कार्यालय. राज्याच्या महास्वयम् या रोजगार पोर्टलवरची नोंदणी, रोजगार मेळावे आणि समुपदेशन हे त्यांचं काम. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस ही नोकरी शोधण्यासाठीची सेवा २०१५ पासून आहे. तिचा मदत क्रमांक १५१४. दोन्ही सेवा मोफत आहेत. नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर तो मधला माणूस समजा.

आता लगेच करायचं काम कागदांचं. दहावीची गुणपत्रिका आणि आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का पाहा. ‘कुमार’, वडिलांचं नाव, आडनावाची जागा, एवढ्याशा फरकावर पुढे करार आणि बँकेत येणारं विद्यावेतन अडकतं. अधिवास आणि लागू असल्यास जात व नॉन-क्रिमिलेअर दाखल्यांचे अर्ज याच आठवड्यात द्या. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलमध्ये गर्दी उसळते आणि दाखला फेरी संपल्यावर हातात पडतो.