‘धोकादायक देश’ म्हणजे कोणाला धोकादायक?

इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा भाचा सातपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे आणि कंपनी त्याला मेक्सिकोला पाठवते आहे. “घरात रोज वाद चालू आहे. बहीण म्हणते देश धोकादायक आहे, मेव्हणे म्हणतात अशांत आहे, टीव्हीवर असुरक्षित म्हणतात, पेपरात हिंसाचारग्रस्त लिहितात. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? दोन देशांची तुलना करताना नेमका कोणता वापरावा? आणि ‘युद्धजन्य परिस्थिती’ हा प्रयोग बरोबर आहे का?”

ताई, एकाच अर्थाचे नाहीत, आणि तुमच्या घरातला वाद मिटत नाही याचं एक कारण हेच आहे. प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय.

‘धोका’पासून सुरुवात करू. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. आपल्याकडे तो अर्थ ‘मित्राने धोका दिला’ अशा प्रयोगात टिकून आहे, बाकी सगळीकडे धोका म्हणजे संकटाची शक्यता. मराठीत या शब्दाला दोन जोड लागतात: ‘पासून’ आणि ‘ला’. पुरापासून काठावरच्या घरांना धोका. बिबट्यापासून शेळ्यांना धोका. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, तेव्हा ‘कोणाला’ हे कोणी विचारत नाही, कारण ते उघडच असतं. आत राहणाऱ्याला आणि भिंतीखालून जाणाऱ्याला.

देशाच्या बाबतीत हे उघड नसतं. उत्तर कोरिया धोकादायक आहे असं म्हणताना आपल्या मनात त्याची क्षेपणास्त्रं आणि त्याचे शेजारी असतात. जमैका धोकादायक आहे असं म्हणतो तेव्हा तिथल्या शहरांतल्या टोळ्या आणि तिथलेच रहिवासी असतात. येमेनबद्दल बोलताना युद्ध असतं. विशेषण एकच, पण ‘पासून’ आणि ‘ला’ तिन्ही ठिकाणी वेगळे. म्हणून माझं म्हणणं असं, की दोन देशांची तुलना करताना ‘धोकादायक’ हा शब्द एकटा वापरूच नये. कोणापासून आणि कोणाला हे त्याच वाक्यात सांगावं.

आता मोजणाऱ्यांकडे बघा. युद्धात माणूस ‘ठार’ होतो किंवा ‘धारातीर्थी पडतो’, गावात भांडणातून मेला तर त्याचा ‘खून’ होतो. भाषेनं केलेली ही वाटणी आकडेवारीतही आहे. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय देशोदेशीच्या मनुष्यवधांची मोजदाद करतं, आणि त्यात लढाईतले मृत्यू धरत नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा प्रकल्प उलट संघर्षातलेच मृत्यू मोजतो. वर्षाला किमान २५ माणसं लढाईत मेली तर तो ‘सशस्त्र संघर्ष’ म्हणतो, १,००० झाली की ‘युद्ध’. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०१७ मध्ये जगात सुमारे ४ लाख ६४ हजार माणसं मनुष्यवधात गेली, सशस्त्र संघर्षांत सुमारे ८९ हजार. आपली बातम्यांची सवय अशी, की रणगाडे दिसले की देश धोकादायक. पण त्या वर्षी युद्धापेक्षा कितीतरी जास्त माणसं युद्ध नसलेल्या गल्ल्यांमध्ये मारली गेली.

इथे बातम्यांत ‘मनुष्यवध’ऐवजी सरसकट ‘खून’ लिहितात, ते मला खटकतं. आपल्या कायद्यात ‘खून’ आणि ‘सदोष मनुष्यवध’ हे वेगळे गुन्हे आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांची व्याख्या मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू बघते. ती आपल्या ‘खुना’पेक्षा रुंद आहे. पेपरवाल्यांना ‘मनुष्यवध’ जड वाटतो हे कळतं, पण दोन देशांचे आकडे शेजारी मांडायचे तर शब्द सारखा हवा.

‘जास्त’ या साध्या शब्दातही घोटाळा होतो. भारतात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. जमैकात त्याच वर्षी दीड हजाराच्या आसपास माणसं मारली गेली. मग भारतात ‘जास्त खून होतात’ का? संख्येनं होतात. पण जमैकाची लोकसंख्या जेमतेम २८ लाख आहे. दर लाखामागे भारतात दोन, तिथे पन्नासाहून अधिक. अशा वेळी ‘खुनांचं प्रमाण जास्त’ असं म्हणावं, नुसतं ‘खून जास्त’ नाही. ‘प्रमाण’ हा शब्द आपण उगाच कुठेही घालतो, जिथे तो हवाच असतो तिथे मात्र गाळतो.

‘अशांत’ची गोष्ट आणखी निराळी. सिडनीची ‘इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक्स अँड पीस’ ही संस्था २००७ पासून जागतिक शांतता निर्देशांक काढते. १६३ देश, २३ निकष. २००८ पासून आइसलंड पहिला आहे, आणि तळाला अलीकडे अफगाणिस्तान, येमेन, रशिया असे देश येऊन गेले. निकषांत मनुष्यवध आहेतच, पण शेजाऱ्यांशी संबंध, लष्करावरचा खर्च, शस्त्रांची आयात-निर्यात आणि तुरुंगातल्या कैद्यांचं प्रमाणही आहे. त्यामुळे खुनांचं प्रमाण आपल्या पंचवीसपट असूनही जमैका या यादीत भारताच्या बराच वर असतो. यादी चुकीची नाही. ती ‘शांत’ देश शोधते आणि आपण तिच्यात ‘सुरक्षित’ देश शोधत बसतो. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं म्हटलं की गोदावरीचा पूर किती हे नाशिककराला कळतं, पण सराफ बाजारात कोणाच्या दुकानात पाणी शिरलं हे कळत नाही, तसंच हे आहे.

‘पासून’ किती महत्त्वाचं असतं ते मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरकडे बघून कळतं. १९९२ साली तिथली बारा वर्षांची यादवी संपली. त्यानंतर देश युद्धग्रस्त राहिला नाही, तरी २०१५ मध्ये तिथे दर लाखामागे शंभराहून अधिक खून झाले, टोळ्यांमुळे. मार्च २०२२ मध्ये सरकारनं आणीबाणी लावली, हजारोंच्या संख्येनं लोक तुरुंगात टाकले, आणि सरकारी आकड्यानुसार २०२३ मध्ये वर्षभरात १५४ खून झाले. टोळ्यांपासून दुकानदाराला असलेला धोका ओसरला हे खरं. पण ज्याच्या निरपराध मुलाला पोलीस उचलून घेऊन गेले त्या आईला विचारलं, तर ती ‘धोका गेला’ म्हणेल का? तिचं ‘पासून’ बदललं आहे.

जाता जाता ‘यादवी’बद्दल. देशातल्या देशात पेटलेल्या युद्धाला आपल्याकडे इतका नेमका शब्द आहे. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांतच लढून संपले, ती सगळी कथा या तीन अक्षरांत आहे. तो सोडून ‘अंतर्गत संघर्ष’ कशाला लिहायचं? ‘संघर्ष’ आपण परीक्षेत नापास होऊन पुन्हा उभं राहणाऱ्या मुलासाठीही वापरतो, मोर्च्यासाठीही वापरतो. त्याला मराठीत एक चांगुलपणा चिकटलेला आहे. माणसं मरत असतील तिथे निदान ‘सशस्त्र’ तरी जोडावं.

आता तुमच्या भाच्याकडे येते. मेक्सिकोत आपल्या दशांशाहून कमी लोकसंख्या आहे, तरी २०१८ पासून काही वर्षं तिथे दर वर्षी तीस हजारांहून जास्त माणसं मारली गेली, बरीचशी टोळ्यांच्या वैरातून. म्हणून ‘हिंसाचारग्रस्त’ हा शब्द तिथे लागू पडतो, ‘युद्धग्रस्त’ नाही. मात्र अख्खा देश एका विशेषणात बसत नाही. ग्वानाह्वातो राज्यात गाड्यांचे कारखाने भरपूर आणि खुनांची संख्याही देशात सगळ्यात वरच्यांपैकी. त्याला लागूनच असलेल्या केरेतारोत कारखाने आहेत, पण प्रमाण कितीतरी कमी. युकातानमध्ये तर अगदीच थोडं. तेव्हा बहिणीला सांगा, देश कसा आहे हा वाद बाजूला ठेवा. कारखाना कोणत्या राज्यात आहे, राहायची सोय कुठे आहे आणि रात्रपाळीहून परतताना कंपनीची गाडी मिळणार का, हे आधी विचारा.

राहिला ‘युद्धजन्य’. ‘जन्य’ म्हणजे ‘त्यापासून उत्पन्न झालेलं’. जलजन्य रोग पाण्यातून होतात. तेव्हा युद्धजन्य टंचाई म्हणजे युद्धामुळे झालेली टंचाई, आणि हा प्रयोग बरोबर. सीमेवर सैन्य जमलं आहे पण अजून गोळी सुटलेली नाही, अशा वेळी बातम्यांत ‘युद्धजन्य परिस्थिती’ म्हणतात, ते चूक. तिथे ‘युद्धसदृश’ हवं. ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला. पंचांगात ‘ग्रस्तोदित’ वाचतो ना, ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवलेला, त्यातला तोच शब्द. युद्धानं ज्याला खरोखर ग्रासलं आहे अशा देशासाठीच तो ठेवावा, नुसत्या तणावासाठी नको.