परमिट मिळालं म्हणून लगेच हात घालू नकोस

भावा, चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रात ठेक्यावर लागतोयस ना? मग सेफ्टीच्या क्लासला मागच्या बाकावर डुलक्या काढू नकोस. तिथला कागद गेटपासपुरता. वायरमनचा परवाना वेगळा, तो राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून काढावा लागतो.

खरी गोष्ट परमिटची, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीची. ६.६ केव्हीच्या (६,६०० व्होल्टच्या) मोटरवर काम असेल तर ब्रेकर, म्हणजे तिची वीज तोडणारा मोठा स्विच, नुसता ऑफ नको, बाहेर ओढलेला हवा. त्यावर स्वतःचं कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. सुपरवायझर म्हणाला ‘झालंय रे’, तरी त्या व्होल्टेजला चालणाऱ्या टेस्टरने तपास आणि अर्थिंग डोळ्यांनी बघ. चिडतात, चिडू देत.

बॉयलरमध्ये शिरायच्या आधी ऑक्सिजन मीटर बघ, १९.५ टक्क्यांच्या खाली आत जायचं नाही. बाहेर एक माणूस उभा हवाच, आणि तो चहाला गेला तर तूही बाहेर ये.

आणि राख! हॉपरखालची (राख साठते त्या नरसाळ्यासारख्या टाकीखालची) राख वरून अगदी गार दिसते, आत धग असते. नव्या नवलाईत मी सरळ पाय टाकला होता, बुटात गेली. पंधरा दिवस लंगडलो, वर सुट्टीचे पैसेही कापले.

हार्नेस, म्हणजे उंचावर काम करताना अंगाला बांधायचा पट्टा, घेताना शिलाई उसवलीय का ते बघ, स्टोअरवाला हाताला येईल तो देतो.